भुरीने चाटलेलं करडू

निलम, माझ्या लेकीची लेक, मुंबईच्या एका प्रयोगशाळेत काम करते. दोन हजार सतराच्या थंडीत ती रानशेतला आली ती मोबाइलमधला फोटो दाखवतच. काळोखात हिरवे ठिपकेच ठिपके.

"या उंदराच्या मेंदूतल्या पेशी, आजी. सगळ्या मूळ पेशी. मेंदूच्या बाकीच्या पेशी यांच्यापासूनच तयार होतात."

"मूळ कुठली ते तुला कसं कळतं?"

"तिच्यात एक खूण असते. ती ओळखणारी अँटिबॉडी बकरीच्या रक्तातून काढतात. ती खुणेला चिकटते, पण दिसत नाही. म्हणून वरून दुसरी सोडायची, हिरवी चमकणारी. तिला फक्त बकरीचं ओळखता येतं. जिथे बकरीचं, तिथे हिरवं."

"आमची भुरी उगाच इथे पाला खात बसली म्हणायची."

निलम हसली. सोमवारी तिच्या रश्मी मॅडम हा फोटो सभेत दाखवणार होत्या. तिची नोकरी मार्चपर्यंतच होती. फोटो पसंत पडला तर पुढचं वर्ष पक्कं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भुरी व्याली. शेजारच्या लाडकीची बकरी आदल्या दिवशी विताना मेली होती, तिचं करडू माझ्याकडेच होतं. परक्या करडाला बकरी जवळ घेत नाही, ढुशी मारते. भुरीची वार, पिल्लामागून पडणारी पिशवी, पडल्यावर ती घेऊन मी ते करडू डोक्यापासून शेपटीपर्यंत माखलं आणि तिच्या पुढ्यात ठेवलं. भुरीने हुंगलं. मग आपलं सोडून त्यालाच चाटायला लागली.

"फसली बिचारी," मी म्हणाले. "तिच्या वासाचं माखलं की तिला सगळी तिचीच."

निलम गोठ्याच्या मेढीला टेकून बघत होती. म्हणाली, "आजी, मीपण माखलंय."

"काय माखलंस?"

"अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून आधी पेशींवर सीरम पसरतात. रक्तातलं पाणी. आमच्याकडे नेहमी बकरीचंच लागतं, हात सवयीने तिकडेच गेला. या वेळी हिरवी अँटिबॉडी गाढवाची, म्हणून सीरमही गाढवाचं घ्यायचं होतं."

"मग त्या हिरवीला..."

"सगळीकडे बकरीच दिसली."

मी करडाला सडाशी लावत होते. "फोटो तर छान आहे. इथे करडू जगलं, तिथे तुझी नोकरी राहील. कोणाला कळणार आहे?"

"त्याच पेशी पुढे बाकीचे वापरतील, आजी. मूळ समजून."

रेंज सडकेवरच मिळते. ती तिकडे गेली. अंगणातून मला ती दिसत होती, फोन कानाला लावून उभी.

परत आल्यावर विचारलं, "काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, गाढवाचं सीरम फ्रीजमध्येच होतं, तू कुठे होतीस?"

"आणि नोकरीचं?"

"ते मीही विचारलं नाही."

दुपारच्या एसटीने ती डहाणूला गेली, तिथून मुंबईला. सोमवारी मॅडमनी दुसऱ्याच मुलीचं काम दाखवलं. निलमला वर्ष मिळालं नाही, जूनपर्यंतची मुदत मिळाली.

होळीला आली तेव्हा लाडकीचं करडू भुरीच्या पायांत घुटमळत होतं. निलमने नवा फोटो पुढे केला. सगळा काळोख, एका कडेला थोडे हिरवे ठिपके.

"पहिला जास्त छान होता," मी म्हणाले.

"मॅडमही तेच म्हणाल्या," ती म्हणाली, आणि बोट ठेवून एकेक ठिपका मला दाखवू लागली.