कनकलताचे पायस

मी एक जुनी पितळी हंडी आहे. बंगालातल्या शांतिपूरच्या कुंडूंच्या घरी, स्वयंपाकघराच्या माळ्यावर पालथी पडून असते. मित्रांनो, माझी हकिगत फारशी आनंदाची नाही, पण ऐका.

नवद्वीपच्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून आकार दिला. दूध करपू नये म्हणून माझे बूड त्याने मुद्दाम जाड ठेवले. कनकलताचे लग्न झाले तेव्हा तिच्या आईने मला तिच्याबरोबर सासरी पाठवले. आई म्हणाली होती, "घरात कुणाचाही वाढदिवस असू दे, पायस हिच्यातच कर. वाढदिवसाचं पायस खाल्लं की आयुष्य वाढतं."

कनकलताने तो शब्द पाळला. सासूसासऱ्यांचा वाढदिवस, नवऱ्याचा, म्हणजे अनादीबाबूंचा, पुढे मुलाचा, तमालचा. दूध आटून तांदळाची खीर होईपर्यंत ती माझ्यापाशी उभी राहून डाव फिरवीत असे. गोविंदभोग तांदळाचा वास गल्लीच्या टोकापर्यंत जाई आणि शेजारणी वाटी घेऊन येत. लोक पायसाची तारीफ करीत, तेव्हा मला वाटे, त्यातली थोडी माझीही आहे. सगळ्यांचे जेवण झाले की कनकलता मला मांडीवर घेई आणि बुडाला उरलेली खरवड बोटाने निपटून खाई.

तिचा स्वतःचा वाढदिवस पौषात येई. तिला पायस करून घालणारी आई माहेरी राहिली होती, नंतर तीही गेली. आपले पायस आपणच करायचे नसते. त्यामुळे तो दिवस इतर दिवसांसारखाच जाई, आणि घरात कुणालाच त्याचे काही वाटत नसे.

पुढे तमाल नोकरीसाठी आसनसोलला गेला. सासूसासरे वारले. दोघांपुरत्या दुधाला स्टीलचे पातेले पुरू लागले. माझी कल्हई उडाली, अंगावर हिरवे डाग पडले आणि मी माळ्यावर गेले.

मग एका कार्तिकात कनकलताच्या घशात गाठ निघाली. कोलकात्याच्या डॉक्टरांनी तपासले आणि तिला परत पाठवले. "घरी न्या. आवडेल ते खाऊ घाला," असे त्यांनी सांगितले.

"खाऊ घाला म्हणे," ती घरी आल्यावर अनादीबाबूंना म्हणाली. तिचा आवाज आता कुजबुजीएवढाच उरला होता. "गिळणार कोण?"

अनादीबाबूंनी जन्मात कधी चहा उकळला नव्हता. पण पौष लागताच ते म्हणाले, "यंदा तुझा वाढदिवस करायचा. पायस मी करणार."

"तुम्ही? गॅसचं बटण कुठल्या बाजूला फिरतं ते तरी ठाऊक आहे का?"

"तुला विचारीन."

"अहो, पायस आयुष्य वाढावं म्हणून करतात. माझ्यापायी कशाला दूध वाया घालवता?"

अनादीबाबूंनी मला माळ्यावरून काढले, पिशवीत घातले आणि ते कल्हईवाला शोधत गावभर फिरले. शेवटी रेल्वे फाटकापलीकडे एक म्हातारा सापडला. त्याने मला भट्टीवर तापवले, नवसागर मारला आणि कथील फिरवले. माझे पोट पुन्हा चांदीसारखे झाले.

वाढदिवसाला तमाल आणि त्याची बायको पियाली आली. पियालीने पाच भाज्या तळल्या, रोहू माशाचे डोके घालून मुगाची डाळ केली. कनकलताची खाट स्वयंपाकघराच्या दाराशी आणली होती. तिचा आवाज पोचत नसे, म्हणून तमाल तिच्या तोंडाशी कान नेई आणि मोठ्याने सांगे.

"बाबा, मा म्हणते डाव थांबवू नका."

"नाही थांबवत."

"मा म्हणते, थांबवलाय, तिला आवाजावरून कळतंय."

अनादीबाबू हसले. खाटेवर तीही हसली. त्या घरात तसे हसू मी शेवटचेच ऐकले.

"मा म्हणते, तांदूळ शिजला की हंडी उतरवा. गार होऊ द्या. खजुराचा गूळ मग घाला."

तेवढ्यात कनकलताला ठसका लागला. तो थांबेना. अनादीबाबूंनी हातातला गूळ उकळत्या दुधात तसाच टाकला आणि ते तिच्याकडे धावले. परत आले तेव्हा माझ्या पोटात दूध फाटून त्याचे पाणी आणि चोथा झाला होता.

"पुन्हा करतो. तमाल, दूध आण," ते म्हणाले.

"नको," कनकलता म्हणाली. "मला तेवढं बसवणार नाही."

पियालीने शंख फुंकला. अनादीबाबूंनी आशीर्वाद म्हणून कनकलताच्या डोक्यावर दूर्वा आणि साळीचे दाणे ठेवले. आयुष्यात पहिल्यांदा त्या घरात कनकलताचे ताट आधी वाढले गेले. अनादीबाबूंनी चमच्याच्या टोकावर पायस घेऊन तिच्या ओठांत घातले. तिने ते जिभेवर धरून ठेवले. घसा हलला, पण खाली काही उतरले नाही. सगळे हनुवटीवरून ओघळले. त्यांनी पंच्याने पुसले.

"कसं झालंय?"

"फाटलंय. गूळ उकळत्यात घातलात. आता शिकलात तुम्ही. पण आता करणार कुणासाठी?"

मग तिने सगळ्यांना आपल्यासमोर जेवायला बसवले. "तमाल, डाळ घे अजून," ती पुटपुटली. त्याने घेतली. घास तोंडात धरून तो तसाच बसून राहिला. त्या दिवशी भरल्या ताटांवर कुणीच जेवले नाही. पायस पियालीने मागच्या दारी ओतून दिले.

माघ सरायच्या आत कनकलता गेली.

फाल्गुनात अनादीबाबूंचा वाढदिवस आला. तमालचा फोन आला. "बाबा, काही गोड केलंत का?"

"केलं," ते म्हणाले. फोन ठेवून त्यांनी वाटीत कुरमुरे घेतले आणि ते खिडकीपाशी जाऊन बसले.

मित्रांनो, मला घासा, पुसा, जपा, असे मी सांगणार नाही. पितळेचे काय, कल्हई केली की ते पुन्हा चकाकते. पण तुमच्या घरी जी सगळ्यांचे वाढदिवस लक्षात ठेवते, तिचा वाढदिवस कधी असतो ते आजच विचारा. त्या दिवशी तिला बसवून वाढा. पदार्थ बिघडला तरी चालेल. फक्त तिला घास गिळता येतो आहे, तोवर वाढा.