रिकाम्या खुर्च्यांचा फोटो

महरीनला रिकामं वाचनालय हवं होतं आणि समोर तर जत्रा भरली होती.

देवरूखच्या वाटेवरच्या त्या गावात ती एसटीतून उतरली तेव्हा सगळं अगदी तिच्या मनासारखं होतं. वाचनालयाच्या जांभ्याच्या भिंतीत पिंपळानं मुळं रोवलेली, कौलांवर वेल चढलेला, पाटीवरची निम्मी अक्षरं पावसानं नेलेली. बाहेरून भराभर फोटो काढून ती आत शिरली, तर टेबलाभोवती एक खुर्ची मोकळी असेल तर शपथ. बायाबापड्यांसकट सगळा गाव वर्तमानपत्रात डोकी खुपसून बसलेला. ग्रंथपाल परशुरामकाका इस्त्रीच्या शर्टात दाराशी उभे. "या मॅडम. आमच्याकडं रोज अशीच गर्दी असते."

महरीनचं तोंड उतरलं. मुंबईला फोटोग्राफी शिकणाऱ्या रत्नागिरीच्या या पोरीनं गेल्या वर्षी रानानं गिळलेल्या घरांचे फोटो काढले होते. माणसं आखातात, कुलपं गंजलेली, खिडकीतून घाणेरीचं झुडूप बाहेर डोकावतंय. ते काम गाजलं. घरांचं एक बरं असतं, ती हूं की चूं करत नाहीत. यंदा तिनं ओस पडत चाललेली सार्वजनिक वाचनालयं घेतली होती. "पहिल्या कामात माणूस नव्हता, म्हणून ते बोललं," सरांनी बजावलं होतं. "इथंही माणूस नको." सोमवारी सगळं दाखवायचं होतं, आणि मुख्य फोटोच, वाचनाच्या खोलीचा, अजून मिळाला नव्हता. तो नसला तर वर्षअखेरच्या प्रदर्शनातून तिचं नाव गळणार हे नक्की होतं.

उठतील आत्ता, म्हणून ती वाट बघत राहिली. लेन्स बदलली, परत पहिली लावली. खिडकीशी गेली, दाराशी आली, मोबाइल बघून खिशात टाकला नि पुन्हा काढला. पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाचा पट्टा हळूहळू टेबलावर सरकत होता. हाच उजेड तिला हवा होता, आणि तो काही तिच्यासाठी थांबणार नव्हता. मंडळी मात्र ढिम्म. एक आजोबा केव्हापासून शेअर बाजाराचंच पान वाचत होते. आनंदीबाई म्हणून एक होत्या, त्यांच्या मांडीवरचा दिवाळी अंक तर उघडलाही नव्हता. बाई वाचण्याऐवजी महरीनकडंच टक लावून बघत होत्या. चुळबुळ दोन्हीकडं चालू होती, पण उठायचं नाव कुणी घेईना.

शेवटी महिपत नावाचा एक शेतकरी तिच्याजवळ आला. "मॅडम, शेरा चांगला लिवा हां. आनी जरा बेगीन लिवलात तर बरा व्हईल. माजा भात खळ्यात पडलाय."

"कसला शेरा?"

महिपतनं काकांकडं बघितलं, काकांनी आढ्याकडं. मग महरीनच्या डोक्यात प्रकाश पडला. फोनवर तिनं ठेवणीतल्या मराठीत सांगितलं होतं की वाचनालयाच्या सद्यस्थितीची छायाचित्रं घ्यायची आहेत. अनुदानासाठीच्या मागच्या सरकारी तपासणीलाही एक मॅडमच आल्या होत्या आणि त्यांनीही फोटो काढले होते. तपासणी आली की खुर्च्या भरायच्या, ही इथली जुनी रीत. पाहुणे येणार म्हणून अंगण झाडावं इतक्या सहज. तेव्हा काकांनी कालच वाडीवाडीवर सांगावा धाडला होता.

"मी तपासणीची नाही हो," महरीन म्हणाली. "मी विद्यार्थिनी आहे. मला रिकामं वाचनालय हवं होतं. ओस पडलेलं."

मग आनंदीबाई फिस्सकन हसल्या, आजोबांनी शेअर बाजाराची घडी घातली, आणि दुपार फुकट घालवल्याबद्दल काकांच्या नावानं बोटं मोडत सगळे बाहेर पडले. काका तेवढे मागं राहिले. ते रागावले नव्हते, तेच महरीनला जड गेलं. "म्हंजे आमचं वाचनालय मेलेलं बघायला आलीस तू," ते म्हणाले. "आधी सांगायचंस. एवढी धावपळ नसती केली."

महरीन कॅमेऱ्याची तिवई लावू लागली, आणि तेव्हा तिला दिसलं की खोली अजून रिकामी झालेलीच नाही. खिडकीजवळच्या खुर्चीत एक बाई पुस्तक वाचत होती. झुबेदा, नवरा कुवेतला असलेली, महिला वाचक दिसाव्यात म्हणून आणून बसवलेली. मघाच्या गोंधळातलं एक अक्षरही तिच्या कानावर गेलं नसावं.

"खाला, जरा उठता का? फोटो घ्यायचाय."

"येवडा पान हुंदे गो," झुबेदा मान वर न करता म्हणाली.

पान झालं. तिनं उलटलं आणि पुढचं सुरू केलं. उन्हाचा पट्टा टेबलाच्या कडेला पोचला होता. चार वाजताची एसटी, सोमवार, सर, सगळं एकदम महरीनच्या अंगावर आलं.

"खाला, उठा ना आता. कुणी नकोय मला फोटोत."

आवाज चढला होता. झुबेदा दचकली आणि चोरी पकडल्यासारखी उभी राहिली. पुस्तक तिनं कपाटात होतं तिथं नेऊन ठेवलं, डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि निघून गेली.

फोटो झकास आला. रिकाम्या खुर्च्या, टेबलाच्या कडेवर ऊन, खिडकीच्या गजांतून आत आलेला वेल. इतका चांगला फोटो तिनं आजवर काढला नव्हता.

काका डोकावले. "झुबेदा गेली? ह्या पुस्तक घरी न्हेता येतं काय, म्हणून मघाशी विचारीत हुती. मी म्हटलं, मॅडम जाऊंदेत, मग सभासदांत तुझं नाव घालू. तेवढंच एक नवीन नाव झालं असतं यंदा."

महरीन कॅमेरा गळ्यात अडकवून धावली. झुबेदा रस्त्यावरच्या ओढ्याच्या मोरीपाशी भेटली.

"खाला, परत चला ना. पुस्तक घरी नेता येतं. काका द्यायला तयार आहेत."

"ऱ्हावंदे गो."

"मी चुकले. मला घाई होती."

झुबेदा ओशाळं हसली. "तुजा काय चुकला? मना उगाच बसवली हुती. मी आपली खरीच वाचाय लागलंव." एवढं बोलून ती चालू लागली, आणि वळणावर दिसेनाशी झाली.

महरीननं कॅमेऱ्यात तो फोटो पुन्हा बघितला. पुसून टाकावा असा विचार तिच्या मनात आला खरा, पण बोट काही बटणाकडं गेलं नाही. फोटो खरोखरच चांगला होता आणि सोमवारी ती तो दाखवणार होती. हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याचीच तिला लाज वाटली.