हसायला बंदी

“मास्क लाव. तू हसलास.”

“नाही सर, मी एकदम मस्त आहे,” काचेपलीकडच्या लोखंडी खोलीतला तरुण वैमानिक म्हणाला. तो कागदावर शंभरातून सात-सात वजा करत होता आणि त्र्याण्णवाखाली त्याने पुन्हा त्र्याण्णवच लिहिलं होतं. खोलीतली हवा पंपाने खेचून उंच आभाळातल्यासारखी विरळ केलेली होती. मास्तरांनी बटण दाबून ती परत आत सोडली.

मास्तर हे नाव शिकाऊ वैमानिकांनी पाडलेलं. एकेकाळी ते स्वतः लढाऊ विमान उडवायचे. गेली अठ्ठावीस वर्षं ते एकाच गोष्टीच्या मागे होते : प्राणवायू कमी पडला की माणसाचं अक्षर कसं बिघडतं. बिघाडाची सुरुवात बहुतेकांच्या बाबतीत हसण्याने होते, म्हणून इथे हसणाऱ्याला ताबडतोब मास्क. “मास्तरांना हसण्याचं वावडं आहे,” असं पंपाचा मेकॅनिक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगून टाकायचा. मास्तरांनी चार हजार माणसांची अक्षरं तपासली होती, पण त्यांना दोन ओळी लिहिणारं जगात कुणी नव्हतं.

त्या दुपारी वहिनी आल्या. त्यांचा नवरा मास्तरांचा जिवलग मित्र. अठ्ठावीस वर्षांपूर्वी, त्याच्या शेवटच्या उड्डाणात, त्याचं विमान मास्तरांच्या विमानाशेजारीच होतं. त्यानंतर मास्तरांनी वहिनींना कधी तोंड दाखवलं नव्हतं.

“लेकीकडे कायमची चाललेय, भाऊजी. आवराआवरीत हे निघालं.”

वैमानिक उड्डाणात आकडे टिपायला मांडीला बांधतात त्या छोट्या वहीचं ते पान होतं. अपघातानंतर मित्राच्या सामानाबरोबर घरी आलेलं. चौकशीच्या अहवालात कारण लिहिलं होतं, वैमानिकाचा हलगर्जीपणा.

“तुम्ही म्हणे अक्षरावरून सांगता. मला एवढंच सांगा, चूक ह्यांची होती का?”

मास्तरांनी पान दिव्याखाली धरलं. पहिल्या तीन ओळी नेटक्या. चौथीत आकडे फुगलेले, पाचवी खाली घसरलेली, सहावीत एकच आकडा तीनदा.

“नाही वहिनी. त्याच्या मास्कमधून प्राणवायू येत नव्हता. त्याला ते कळणं शक्यच नव्हतं. मी तसं लेखी देतो.”

वहिनींनी डोळे मिटले. मग पदराने चेहरा पुसून त्यांनी पिशवी उचलली. एवढ्यावर थांबता आलं असतं, आणि मास्तरांना थांबायची फार इच्छाही झाली.

“बसा जरा,” ते म्हणाले. “त्याला नाही, पण मला कळायला हवं होतं. तो रेडिओवर हसत होता. मला वाटलं, नेहमीची थट्टा. मी ओरडलो, बडबड बंद कर. मग तो गप्प झाला.”

वहिनींनी पिशवी परत खाली ठेवली.

“जन्मात कधी कुणाचं ऐकलं नाही ह्यांनी,” त्या म्हणाल्या. “नेमकं तुमचं ऐकलं.”

मास्तरांनी ते पान टेबलावर सरळ करून ठेवलं.

“काय बडबडत होते?”

“म्हणाला, खाली ढगांची काय गादी घातलीय बघ. तुझ्या वहिनीला सांग, आज मी इकडेच लवंडतो.” मास्तरांनी दिवा बंद केला. “तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं.”

वहिनींनी एकदा मास्तरांकडे पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं. “कुठेही लवंडायचे हो. लग्नात, मांडवातसुद्धा,” असं कसंबसं म्हणत त्या खांदे हलेपर्यंत हसल्या, डोळ्यांना धारा लागल्या तरी हसत राहिल्या.

मास्तरांचा हात सवयीने खुंटीवरच्या मास्ककडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. तो त्यांनी परत मांडीवर ठेवला, आणि वहिनींचं हसणं संपेपर्यंत ते तसेच बसून राहिले.