शारशेनच्या पाटातला बाप्तिस्मा

पाण्याची आमची पाळी रविवारी सकाळी नऊला, आणि तीही तासाभराचीच. मी मात्र उजाडल्यापासून खोरं घेऊन पाटावर उभी होते. पाय जमिनीवर ठरत नव्हता. आज असिलकान एजेंचा बाप्तिस्मा होता.

एजे म्हणजे आम्हा सगळ्यांची थोरली बहीण. प्रार्थनाघराची शेगडी सात हिवाळे त्यांनीच पेटवली. आम्ही कुडकुडत यायचो तेव्हा आत शेणी धगधगत असायच्या आणि बाकं पुसलेली असायची. बाप्तिस्मा तेवढा राहिला होता, कारण मुलगा तालाय ‘लोक तोंडात शेण घालतील’ म्हणून अडून बसलेला. परवा एकदम आईला म्हणाला, “घे एकदाचा, आपा. पण मी इथे असताना घे. कुणी काही बोललं तर मी बघतो.” आणि आज संध्याकाळी तो कामासाठी मॉस्कोला निघणार होता. आज हुकलं, तर पुढे त्याचं मन कुठे वळेल, कोण जाणे.

नदीवर एकदा बाप्तिस्मा चालू असताना पोरांनी आमच्यावर दगड मारले, तेव्हापासून त्यासाठी प्रार्थनाघराच्या अंगणात सिमेंटचा हौद आहे. तो घासायचं काम माझं. या वेळी आठवडाभर घासला होता, आत पीठ मळावं इतका लख्ख.

पाणी आलं. हौदाकडे वळवायला मी खोरं उचललं, तर पलीकडे शेजारचा शारशेन उभा. आम्ही येशूचे झालो तेव्हापासून या माणसाने आम्हाला सलामसुद्धा केलेला नाही. त्याच्या मागे राजमा होता, ऐन फुलावर आलेला, आणि कडेचे दोन पट्टे माना टाकून पडलेले. त्याच्या पाळीत कालवा फुटला आणि पाणी मध्येच बंद पडलं होतं. पुढची पाळी येईपर्यंत ते पट्टे जळून जाणार, हे लहान पोरही सांगेल.

“काय बघताय, बाइके? पाळी आमची आहे,” मी म्हटलं. राग आला तरी थोरल्या माणसाला बाइके, म्हणजे दादा, म्हणावंच लागतं.

“मी मागितली का?”

मागितली नव्हती, खरंय. म्हणूनच तर डोकं आणखी फिरलं.

तेवढ्यात पांढऱ्या कपड्यांत एजे आल्या. बरोबर आमचे पाळक कुबात, आणि मागे लांब, रस्त्याकडेला तालाय. एजेंनी हौदाकडे पाहिलंच नाही.

“बातमा, पाणी राजम्याला वळव.”

“एजे, अहो तालाय संध्याकाळी जातोय.”

“माहीत आहे. मीच जन्माला घातलाय त्याला.”

“सात वर्षं थांबलात तुम्ही,” कुबात म्हणाले.

“म्हणजे सवय आहे मला. राजम्याला नाही. शेजारी वाळत असताना मी भिजत बसू? येशूला तोंड काय दाखवू?”

मला रडू येत होतं, रागाने. तरी पाणी वळवलं. ते शारशेनच्या पाटात धावत गेलं. तो गोठ्यात गेला आणि दोन रुंद फळ्या घेऊन आला. त्या त्याने पाटात आडव्या ठोकल्या, बुडाशी चिखल लावला. पाणी तुंबत वर चढू लागलं. याला झालंय काय, मला कळेना.

“तुमचं ते, किती खोल लागतं?” त्याने कुबातांकडे न बघता विचारलं.

“बसल्यावर छातीपर्यंत आलं तरी पुरे.”

“मग आटपा. फळ्या काढल्या की सगळं राजम्यालाच जाईल, वाया काही जात नाही. आणि मला उपदेश करायचा नाही.”

प्रार्थनेला जमलेले आम्ही सगळे अक्षरशः त्याच्या पाटाकडे पळत सुटलो. गाणं कुणी सुरू केलं, देव जाणे. एजे त्या गढूळ पाण्यात बसल्या आणि पांढरे कपडे मातकट झाले. कुबातांनी पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने त्यांना पाण्याखाली नेलं. वर येताना त्यांचा पाय चिखलात सरकला. तालायने मॉस्कोसाठी घेतलेल्या कोऱ्या बुटांसकट पाटात उडी टाकली आणि सगळ्या गल्लीदेखत आईला मिठीत धरलं.

“गार लागतंय का, आपा?”

“सोड रे. राजम्याचं पाणी अडलंय.”

शारशेनने फळ्या उपसल्या. पाणी खळखळत पट्ट्यांत शिरलं. मी हसत होते की रडत होते, मलाच ठाऊक नाही.

फळ्यांचा चिखल खरवडत तो म्हणाला, “हौद उगाच घासलास, बातमा. पुढच्या वेळी माझी पाळी कधी ते विचारून इथेच या.”

इतक्या वर्षांत त्याने माझं नाव घेतलं, ते पहिल्यांदा.