वस्तरा गालावर असेपर्यंत

रेडिओकाकांना गप्प बसवणारी जगात एकच वस्तू आहे, ती म्हणजे माझ्या बाबांचा वस्तरा. एरवी ते आमच्या सलूनमध्ये बसून अखंड बातम्या देत असतात. नाव उगीच नाही पडलेलं.

उद्या शाळेत नवी लस देणार होते, गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरपासून वाचवणारी. आईला पटलं होतं, पण "बाबांनाही विचार" म्हणाली. म्हणून शाळा सुटल्यावर मी थेट सलूनमध्ये येऊन बाबांना विचारलं.

"त्या लशीने पुढे मुलं होत नाहीत म्हणे," काका खुर्चीत टेकता टेकता म्हणाले. बाकावरच्या दोघांनी लगेच माना हलवल्या.

बाबांनी काकांच्या गालांवर फेस चढवला. "पुढच्या वर्षी बघू गं," मला म्हणाले. आणि बाबांचं 'बघू' म्हणजे चक्क नाही.

वस्तरा गालाला टेकला. हीच वेळ.

"काका, हे तुम्हाला सांगितलं कोणी? डॉक्टरांनी?"

"ऊं."

"हलू नका," बाबा म्हणाले.

"नर्सने? की चहाच्या टपरीवर?"

काकांचे डोळे आरशात गरगरले. बाकावर खुसखुस सुरू झाली.

मग मी सुटलेच. नर्सबाई वर्गात आल्या होत्या, तेव्हा त्यांना सगळ्यात जास्त मीच पिडलं होतं. मुलं न होण्याशी लशीचा संबंध नाही, हे डॉक्टरांनी तपासून पाहिलंय. हात दुखतो, कुणाला थोडा ताप येतो, एखादीला चक्कर येते, म्हणून टोचल्यावर जरा वेळ बसवून ठेवतात. आणि ज्या विषाणूमुळे हा कॅन्सर होतो, तो शरीरात शिरण्याआधीच लस घेतलेली बरी. मी 'गर्भाशय' म्हणाले तेव्हा बाकावरच्या एकाने पेपरात तोंड खुपसलं. मी आणखी मोठ्याने म्हणाले.

बाबांचा हात थांबला. "तुला भीती नाही वाटत?"

"सुईची वाटते ना. तुम्ही याल का सोबत?"

बाबांनी वस्तरा पुसला. बराच वेळ पुसला.

"येतो. सकाळी दुकान उशिरा उघडू."

मी त्यांना अशी मिठी मारली की माझ्या युनिफॉर्मला फेस लागला.

दाढी संपली, काका मोकळे झाले. आता सुरू होणार म्हणून सगळे सरसावून बसले, तर ते नुसती हनुवटी चोळत राहिले.

"आमची नात सातवीत आहे," शेवटी म्हणाले. "तिला चालेल का ही?"

"नर्सबाईंनाच विचारा की, काका. सकाळी आहेत त्या शाळेत."

"विचारतो. पण दुकान बंद, मग मी बसू कुठे?"

"चला आमच्याबरोबर," बाबा म्हणाले. "तिथे हिच्यासारख्या वर्गभर आहेत. बघू तुमचा रेडिओ किती वेळ चालतो."