आर्लिसने बदललेली कंपनी

एल्डन हॉगनने रिसीव्हर उचलला, आकड्यांवर बोट नेलं आणि मुलाचं, कर्टिसचं, पत्र आठवून तो पुन्हा खाली ठेवला. पत्र मे महिन्यात आलं होतं, बायकोला, आर्लिसला, पुरून तीन आठवडे झाल्यावर. ‘आईचा दर रविवारी फोन यायचा. आता तुम्ही कराल का, बाबा?’ एवढंच. आता ऑक्टोबर सरत आला होता.

चाळीस वर्षं शाळेत लॅटिन शिकवलेल्या माणसाला त्या दोन ओळींचं उत्तर जमत नव्हतं. अलास्काहून मुलाचा फोन आला की “बरा आहेस ना? थांब, आईला देतो,” म्हणून तो मोकळा व्हायचा. आता द्यायला कोणी नव्हतं.

आजचा फोन मात्र शेजारच्या बर्निसमुळे. लांब पल्ल्याच्या कॉलसाठी जो तो आपली कंपनी निवडायचा; तिचे कॉल कोण्या दुसऱ्याच कंपनीने तिला न विचारता आपल्याकडे वळवून घेतले होते, आणि तेव्हापासून ती गल्लीतल्या प्रत्येकाला तपासायला लावत होती. घरच्याच फोनवरून एक नंबर लावायचा. कॉल कुठल्या कंपनीकडून जातात ते ध्वनिमुद्रित आवाज सांगतो.

“तुझे कधीच पळवले असतील,” ती स्वयंपाकघराच्या टेबलाशी कॉफी ढवळत म्हणाली. “नाकावरचा चष्मा कुणी नेला तरी तुला पान संपल्यावर कळेल.”

एल्डनने नंबर लावला. ध्वनिमुद्रित आवाजाने सांगितलेलं नाव त्यांच्या नेहमीच्या कंपनीचं नव्हतं. ते कळताच बर्निसने स्वतःच त्या कंपनीला फोन लावला आणि रिसीव्हर त्याच्या हातात कोंबला.

पलीकडच्या मुलीने कागद पाहून सांगितलं की बदल सोळा एप्रिलला झाला. मी कुणाला परवानगी दिली नाही, ही फसवणूक आहे, असं एल्डन म्हणाला. आवाज हवा तितका करडा निघाला नाही. मुलगी शांतपणे म्हणाली की प्रत्येक बदलाची संमती टेपवर घेतलेली असते. ऐकायची आहे का? तो हो म्हणाला, आणि खुर्ची ओढून बसला.

टेपवर आधी एका पुरुषाने नाव आणि जन्मतारीख विचारली. मग थोडी धाप लागलेला आर्लिसचा आवाज आला. तिने दोन्ही सांगितलं.

“बदल तुमच्या मर्जीनेच करताय ना?”

“हो. मुलगा तुमच्याच कंपनीकडे आहे. दोन्हीकडे एकच कंपनी असली की रविवारी हवं तितकं बोलता येतं म्हणे.”

“बरंच बोलता वाटतं मुलाशी.”

“माझ्यासाठी नाही हो. माझं भराभर उरकतं. नवऱ्यासाठी घेतेय. त्याला शब्द सापडायला वेळ लागतो.”

टेप थांबली. सोळा एप्रिल. त्यानंतर ती नऊ दिवस होती.

“मिस्टर हॉगन? जुन्या कंपनीकडे परत वळवायचं असेल तर...”

समोर बर्निस जोरजोरात मान डोलावत होती.

“नको,” एल्डन म्हणाला. “आहे तसंच राहू दे.”

त्याने रिसीव्हर ठेवला, पण हात त्यावरून काढला नाही.

“गोड बोलून गुंडाळलंच ना तुला?”

“हो,” तो म्हणाला.

बर्निसने त्याच्याकडे नीट पाहिलं. आपला कप विसळून पालथा घातला आणि कोट घेऊन ती गेली.

दुपारभर त्याने पाच कागद फाडले. एकात लॅटिन वचन आलं, एकात हवामान. सहाव्यावर लिहिलं: ‘कर्टिस, उत्तराला फार उशीर केला. या रविवारी दोन वाजता फोन करतो. मध्येच गप्प झालो तर ठेवू नकोस.’

घरून पत्रं नेणारा टपालवाला येऊन गेला होता, म्हणून तो कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत चालत गेला. पाकीट आत सोडलं. दोन पावलं गेला, परत आला, झाकण ओढून आत पाहिलं. पाकीट खाली गेलं होतं.