ओटिलिया थांबते

"लांडगा घालू," राडेक म्हणाला. "म्हातारी काढू आणि तिच्या जागी लांडगा घालू. लांडगा आवडत नाही असा माणूस मी तरी अजून पाहिला नाही."

"मेंढ्यांना विचारलंस का?" चेझरी म्हणाला.

खोलीत हशा पिकला. बोग्ना मात्र हसली नाही. काचेजवळच्या खुर्चीत ती चहाचा पेला धरून बसली होती आणि चहा कधीच गार झाला होता.

काचेपलीकडच्या खोलीत तीन खुर्च्या, संगणकाचे तीन पडदे आणि खेळायचे तीन कंट्रोलर मांडून ठेवले होते. तिकडून पाहणाऱ्याला काच आरशासारखी दिसे, इकडून मात्र सगळं लख्ख दिसे. चाचणीच्या दिवशी खेळ बनवणाऱ्यांनी इकडे बसायचं आणि खेळणाऱ्यांशी चकार शब्द बोलायचा नाही, हा इथला नेम. तिकडचा माणूस अडो, चिडो, नाहीतर भिंतीवर डोकं आपटो, इकडून कुणी उठायचं नाही. खेळ उद्या लोकांच्या घरी जाईल तेव्हा बनवणारा काही त्याच्या पाठोपाठ जाणार नसतो.

खेळाचं नाव 'मिठाची वाट'. पाठीवर मिठाचं पोतं घेतलेला एक तरुण नदीकाठानं वर वर जातो. वाटेत जंगल लागतं, लुटारू भेटतात, पूर येतो. त्याच्या सोबतीला ओटिलिया नावाची म्हातारी, मीठ विकत गावोगाव फिरलेली, वाटेतला दगड न् दगड ओळखणारी. ही ओटिलिया बोग्नानं केलेली. तिचं चालणं, वळणं, धाप लागणं, पदराला हात पुसावेत तसे घागऱ्याला हात पुसणं, सगळं बोग्नाच्या हातचं.

आणि तीच कुणाला दिसत नव्हती. मागच्या दोन्ही चाचण्यांना सराईत पोरं बोलावली होती. ती सुसाट पुढं पळाली आणि ओटिलिया कुठल्यातरी वळणावर मागं राहिली. खेळ संपल्यावर विचारलं, म्हातारी कशी वाटली? तर एक जण म्हणाला, "कोण म्हातारी?"

"हे बघ बोग्नाताई," राडेक जरा नरमाईनं म्हणाला. कंपनी त्याची होती आणि रात्रीची झोप उडालेली त्याच्या डोळ्यांत दिसत होती. "मला तिचं वाईट वाटत नाही असं समजू नकोस. पण जी कुणाला दिसतच नाही तिच्यावर किती दिवस खपायचं? आज मुद्दाम तऱ्हेतऱ्हेची माणसं बोलावलीत. आजही कुणी तिच्याकडं वळून पाहिलं नाही, तर सोमवारपासून लांडगा."

"बरं," बोग्ना म्हणाली.

एवढंच म्हणाली. भांडण तिला कधी जमलंच नाही. तरुणपणी ती याच लुब्लिन शहरातल्या एका नाट्यगृहात बाहुल्या खेळवायची. काळा झगा, काळे हातमोजे, तोंडावर काळं कापड. टाळ्या पडायच्या त्या बाहुलीला. तिथंच तिला कळलं होतं की बाहुली नाचवली म्हणजे जिवंत होत नाही. ती थांबते, मान किंचित कलती करते, आणि आता हिच्या मनात काय आलं असेल म्हणून अख्खं नाट्यगृह श्वास रोखून धरतं, तेव्हा ती जिवंत होते. पुढं नाट्यगृहाचे दिवस फिरले, बोग्ना संगणकावर बसली आणि खेळांतली माणसं हलवू लागली. पहारेकऱ्यांच्या जांभया तिनं केल्या, बकऱ्यांचं रवंथ केलं, दुकानदारांचं खांदे उडवणं केलं. खेळ संपला की बारीक अक्षरांत नावं सरकतात, त्यात तिचं नाव असायचं. तोवर खेळणारे उठून गेलेले असत.

ओटिलिया मात्र तिनं जीव ओतून केली होती. ही एकच तिला वाटायची, की आपल्यामागं राहावी.

"ए राडेक," चेझरी एकदम म्हणाला. तो खेळाचा प्रोग्रामर. बोग्नाच्याच वयाचा, फाटक्या तोंडाचा. "आज वार काय?"

"गुरुवार. का?"

"कसला गुरुवार?"

राडेकनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

चाळीस दिवसांचे उपास लागायच्या आधीचा शेवटचा, तुपाळ गुरुवार. आज अख्खा देश गुलाबाच्या मुरंब्यानं भरलेली तळलेली पाँचकी खातो. सकाळपासून बेकऱ्यांपुढं रांगा, कचेऱ्यांत खोके, ट्रॉलीबसमध्येसुद्धा साखरेचा घमघमाट. आज जो खाणार नाही त्याला वर्ष वाईट जातं, म्हणून डॉक्टरही खातात आणि दाताचे डॉक्टरही.

"तुपाळ गुरुवारी कंट्रोलरची चाचणी!" चेझरी म्हणाला. "वा रे मालक! बोटं चाटत खेळतील आता."

"आपले खोके स्वयंपाकघरात कोंडा. तिकडं एकही जाता कामा नये."

आपले खोके कोंडले गेले. पण एवढ्यात पलीकडचं दार उघडलं आणि पहिली पाहुणी आत आली. पेलागियाआजी. उभा जन्म ट्रॉलीबस चालवून निवृत्त झालेली, अंगापिंडानं भक्कम, डोक्यावर लोकरीची टोपी. तिच्या दोन्ही हातांत दोरीनं बांधलेला भलामोठा खोका होता.

"आजच्या दिवशी परक्याच्या घरी रिकाम्या हातानं कसं यायचं?" ती आरशाकडं बघून म्हणाली.

"मेलो," काचेअलीकडं राडेक पुटपुटला.

तिच्यामागून नॉर्बर्ट आला, कॉलेजातला, लांब केसांचा. असले खेळ म्हणजे त्याच्या डाव्या हातचा मळ. शेवटी आली मिलेना, तिसरीतली, पुढचे दोन दात पडलेली. बाप बाहेर पडवीत बसला. आजीनं दोघांनाही एकेक पाँचकी हातात दिली, तिसरी आपल्या तोंडात घातली आणि तिघं खेळायला बसली.

नॉर्बर्ट बसल्या बसल्या पळत सुटला. त्यानं पूल ओलांडला, तीन लुटारू लोळवले, टेकडी चढला. ओटिलिया मागं, खूप मागं, पडद्यावर ठिपकाही दिसेना.

"गेली," राडेक म्हणाला.

पेलागियाआजीचं वेगळंच चाललं होतं. तिचा मीठवाला कुंपणाला धडका देत होता. "अरे मेल्या, वळ ना! एवढी थोरली बस मी वळवायची, आणि हे एवढंसं पोरगं वळत नाही!"

बोग्ना पुढं सरकली. दुसऱ्या खेळांत अशा वेळी सोबतीण ओरडू लागते, इकडं या, इकडं या, फाटक उघडा. माणूस आणखीच गोंधळतो. ओटिलिया बोलली नाही. ती पुढं गेली आणि चार हातांवरच्या फाटकाला टेकून उभी राहिली. कंबरेवर हात ठेवून आभाळ बघू लागली.

"बाई दमली वाटतं," पेलागियाआजी म्हणाली. विचारपूस करावी तसा तिनं आपला मीठवाला तिच्याकडं नेला. तिथं फाटक होतं. "अगंबाई, हे इथंच होतं की!"

चेझरीनं बोग्नाला कोपर मारलं. राडेकनं नुसती मान डोलावली. "एकीला दिसली. पण आजींना शेजारीण कुठंही दिसते. पोराचं काय?"

पोरानं तेवढ्यात पाँचकीचा मोठा घास घेतला आणि मुरंब्याचा लाल गोळा त्याच्या मनगटावर, तिथून कंट्रोलरवर ओघळला. राडेकनं डोळे मिटून घेतले. नॉर्बर्टनं कंट्रोलर खाली ठेवला आणि तो बोटं चाटू लागला.

पडद्यावर त्याचा मीठवाला टेकडीवर नुसता उभा राहिला. खेळ बनवणाऱ्या बाकी लोकांपैकी कुणी कधी असा थांबला नव्हता. कामाच्या घाईत कंट्रोलर खाली ठेवतो कोण? त्यामुळं थांबल्यावर काय होतं ते फक्त बोग्नाला आणि चेझरीला ठाऊक होतं.

आधी नुसता वारा वाहिला. मग खालच्या वळणावर एक डोकं दिसलं, मग खांद्यावरची झोळी, मग काठी. ओटिलिया चढ चढत होती. मध्ये थांबून तिनं एकदा वर पाहिलं, तो कुठं आहे ते हेरलं आणि पुन्हा पाऊल उचललं. हाक नाही, तक्रार नाही. वर आली, त्याच्यापासून हातभर अंतरावर दगडावर टेकली, पायातला जोडा काढला आणि उलटा करून झटकला. त्यातून एक खडा पडला. तो तिनं उचलला, न्याहाळला, आणि लांब नदीकडं भिरकावला. मग नॉर्बर्टच्या मीठवाल्याकडं बघून, पळालास होय रे, असं म्हटल्यासारखी मान किंचित कलती केली.

नॉर्बर्टचं चाटणं थांबलं.

"आयला," तो म्हणाला, "ही मागून चालत आली?"

"कोण रे?" पेलागियाआजीनं विचारलं.

"ही म्हातारी. मी हिला कधीच टाकून आलो होतो. अख्खी टेकडी चढून आली की!"

"मग? बायामाणसं येतातच मागून," पेलागियाआजी म्हणाली. "तुम्ही वळून बघत नाही, एवढंच."

नॉर्बर्टनं शर्टाला हात पुसले, कंट्रोलर उचलला, आणि तो निघाला. धावत निघाला, दहा पावलं गेला, थांबला. मागं वळला. ओटिलिया जोडा घालत होती. तो उभा राहिला. तिचा जोडा घालून होईतो उभा राहिला, आणि मग तिच्या शेजारून चालू लागला.

बोग्नाला वाटलं, आपले हात काळ्या मोज्यांत आहेत. समोर अंधार आहे, अंधारात माणसं आहेत, आणि त्या सगळ्यांनी मिळून एकच श्वास धरून ठेवलाय. तिचा चहाचा पेला कुणीतरी काढून घेतला. चेझरीनं घेतला असावा.

मिलेनाला तर म्हातारी पहिल्यापासूनच सापडली होती. पोतं, तलवार, लुटारू तिला काहीच नको होतं. ती नदीतल्या दगडांवरून उड्या मारत होती, कारण आपण उडी मारली की ओटिलियाही घागरा वर खोचून मागून अगदी वेंधळी उडी मारते, हे तिला कळलं होतं. पुन्हा, पुन्हा, पुन्हा. मिलेनाच्या हसण्यानं काच थरथरली. आणि सलग उड्या मारून दमलेल्या ओटिलियानं काठावर बसून गुणगुणायला सुरुवात केली.

*पाठीवर मीठ माझ्या, पायाखाली वाट,*
*नदीबाई, सर थोडी, भिजतो गं काठ.*

दात पडलेल्या तोंडानं मिलेनाही गुणगुणू लागली. थोड्या वेळानं पेलागियाआजीचा जाडा आवाज तिच्यात मिसळला. नॉर्बर्ट लाजला, पण त्याचा पाय ठेका धरत होता.

"एकच बाई," राडेक हळूच म्हणाला, "आणि तिघांना तीन निराळ्या भेटल्या."

"एकच भेटली," बोग्ना म्हणाली. "ज्याला जसं चालायचं तशी चालली."

घंटा वाजली. वेळ संपली. नॉर्बर्ट उठला, पेलागियाआजीनं सुस्कारा सोडून कंट्रोलर ठेवला.

"थांबा!" मिलेना ओरडली. "आत्ता नका बंद करू! पाऊस येतोय!"

पडद्यावर खरंच पाऊस उतरला होता. ओटिलिया खांदे आवळून काठावर उभी होती. मिलेना तिला घेऊन निघाली, नदीकाठच्या एका घराकडं. दाराशी गेली, दारावर आपटली. दार उघडेना. पुन्हा आपटली.

"उघडत का नाही? ही भिजतेय ना!"

नॉर्बर्ट तिच्या खुर्चीमागं येऊन उभा राहिला. "घर नको. डावीकडं ने. तिथं लाकडांवर छप्पर आहे, मघाशी पाहिलंय मी. सावकाश जा, तिला येऊ दे."

"येतेय का? बघ ना, येतेय का?"

"येतेय, येतेय. अजून जरा डावीकडं, पोरी," पेलागियाआजी म्हणाली, जशी काही ती दारात बसून नातीला वाट दाखवत होती.

तिघांनी मिळून ओटिलियाला छपराखाली नेलं. ती लाकडांच्या ढिगावर बसली, तिनं डोईवरचा रुमाल पिळला, पुन्हा बांधला. मिलेनानं ती नीट बसली आहे ना हे पडद्याजवळ तोंड नेऊन पाहिलं.

"आता करा बंद," ती आरशाला म्हणाली.

काचेअलीकडं राडेकनं चेझरीकडं पाहिलं.

"त्या घराला दार आहे का?"

"नुसतं चित्र आहे," चेझरी म्हणाला. "भिंतीवर रंगवलेलं."

"उघडणारं करा. आत चूल असू दे, पेटलेली."

"आणि लांडगा?"

"लांडगा जंगलात बरा आहे," राडेक म्हणाला. मग तो बोग्नाकडं वळला. त्यानं वाकून तिचा हात हातात घेतला आणि इथली जुनी माणसं टेकवतात तसे त्यावर ओठ टेकवले. चेझरीनं टेबलावर दोन्ही मुठींनी ढोल बडवला. सगळे बडवू लागले. बोग्ना रडली नाही. ती उभी राहिली, ताठ, आणि इतकं मोकळं हसली की चेझरी बडवायचा थांबून तिच्याकडं बघतच राहिला.

चाचणी संपली म्हणजे नेम संपतो. बोग्ना पाहुण्यांचे कोट द्यायला पडवीत गेली. मिलेना बापाच्या खांद्यावर बसून गुणगुणत जिना उतरत होती, नॉर्बर्ट तिच्या पुढं. पेलागियाआजीनं पाठ वळवली, बोग्नानं तिला कोट चढवला, कॉलर नीट केली.

"तुम्ही इथंच कामाला का, बाई?" आजीनं विचारलं.

"हो."

"मग त्या ओटिलियाबाईला सांगा हं, मी निघाले म्हणून. घाईत निरोप घ्यायचा राहिला."

"सांगते," बोग्ना म्हणाली.